गोलाईजवळचें घर

वडिलार्जित वाडा सांभाळावा, कीं तो सोडून बाजाराजवळ एखादें आटोपशीर घर घ्यावें, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हल्लीं उभा असेल. तोच मनांत घेऊन गेल्या माघांत आम्ही नांदेडाहून लातुरास गेलों. तेथील एक चार खोल्यांचें घर विकाऊ असल्याची जाहिरात पुतण्यानें धाडली होती. ‘देखभाल अल्प, बाजार हाकेच्या अंतरावर,’ असें तींत लिहिलें होतें. बरोबर पंचाहत्तरीच्या काकू होत्या. कारण तेथें राहावयाचें त्यांनाच होतें.

नांदेडचा आमचा वाडा गोदावरीकाठच्या जुन्या वस्तींत आहे. दगडमातीच्या भिंती, सागवानी तुळया आणि वर माळवद. माळवद उन्हाळ्यांत गारवा देतें खरें, परंतु चाकरीही तितकीच करून घेतें. दरवर्षीं मृगापूर्वीं गवत उपटावें, चिरा बुजवाव्या आणि पांढऱ्या मातीचा नवा थर देऊन तो चोपावा. ही चाकरी काकूंनीं चाळीस वर्षें केली. तेव्हां घरांत हात पुष्कळ होते. आतां भावंडें पुण्या-हैदराबादेस पांगलीं आणि माळवदावर चढणारें कोणी उरलें नाहीं.

लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेनें मोटार चालली असतां काकू फारशा बोलल्या नाहींत. लातूर जवळ आल्यावर मात्र त्यांनीं विचारलें, “किल्लारी येथून किती लांब?” किल्लारी लातुराच्या दक्षिणेस, औसा तालुक्यांत. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असतां पहाटे चारच्या सुमारास तेथें भूकंप झाला आणि त्या भागांत जवळजवळ आठ हजार माणसें दगावलीं. इतक्या मृत्यूंचें एक मोठें कारण घरेंच होतीं: मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला मातीचा भार. ज्या काळजीनें छप्पर गळूं दिलें नाहीं, तिनेंच तें जड केलें होतें. त्या वर्षीं दिवाळीपूर्वीं काकूंनीं आमच्या माळवदावरील निम्मी माती उतरवून घेतली होती. “माझ्याच हातची होती ती,” एवढेंच त्या मोटारींत म्हणाल्या.

लातुराचें हृदय म्हणजे गंजगोलाई. १९१७ सालीं नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानें ही पेठ वसली. वर्तुळाकार दुमजली इमारत, मध्यें अंबाबाईचें देऊळ आणि भोंवतीं फुटलेले सोळा रस्ते. सराफांपासून मिरची-गुळाच्या व्यापाऱ्यांपर्यंत सारे येथें भेटतात. विकाऊ घर तेथून दहा मिनिटांच्या वाटेवर होतें. काँक्रीटचे खांब, शहाबादी फरशी, सपाट गच्ची. दारासमोरून शिकवणीस जाणाऱ्या मुलांची अखंड वर्दळ.

आम्ही खोल्या मोजूं लागलों. काकू नळापाशीं थांबल्या. “२०१६ च्या उन्हाळ्यांत पाणी कोठून आणलेंत?” त्यांनीं मालकांस विचारलें. मालक प्रामाणिक होते. मांजरा धरण आटलें, घरचा बोअर कोरडा पडला. एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें, पहिल्या खेपेस पांच लक्ष लिटर. आणि आपण टँकरच्या रांगेंत उभे राहिलों, हें त्यांनीं लपविलें नाहीं. पुढें त्यांनीं गच्चीचें पावसाळी पाणी नळीनें बोअरजवळच्या खड्ड्यांत सोडलें. “मात्र ती नळी मृगाआधीं साफ करावी लागते,” ते म्हणाले.

काकू हंसल्या. “म्हणजे मृगाची चाकरी इथेंही आहेच. पण ही मला खालीं उभें राहून करवून घेतां येईल.”

इतक्यांत शेजारच्या बाई दारांत आल्या. “कुठल्या तुम्ही?” येथून आरंभ होऊन पांच मिनिटांत कंधारची एक सामाईक नातेवाईक निघाली. त्यांच्याकडचा चहा होईतों काकूंचा निश्चय झाला होता. त्याच दिवशीं आम्हीं इसार दिला.

ज्यांस असें घर पाहावयाचें असेल, त्यांनीं ‘देखभाल अल्प’ या शब्दांवर संतोष मानूं नये. छपराचा भार कशावर आहे, वैशाखांत पाणी कोठून येतें आणि दुपारीं हांक मारली तर ओ कोण देईल, हें तेथें उभें राहून विचारावें.

नांदेडच्या वाड्याचें काय करावें, हें अद्याप ठरलेलें नाहीं. परत आल्यावर काकूंनीं जिन्याखालीं ठेवलेलें मातीचें चोपणें उचलून लातुरास न्यावयाच्या सामानांत ठेवलें. तेथें त्याचा कांहीं उपयोग नाहीं, हें त्यांना कोणी सांगितलें नाहीं.