टापू

रायपूरच्या गोल बाजारात मराठी माणसाची जीभ दोन घरांची होते. पूजासाहित्याच्या दुकानात कुंकू मागताना किंवा जडीबुटीवाल्याकडे हिरड्याची चौकशी करताना आमच्या वाक्याचा आरंभ मराठीत होतो आणि शेवट छत्तीसगढीत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर इकडे आलेल्या घराण्यांची ही पिढीजात सवय. तिची कुणाला खंत नाही आणि अभिमानही नाही. परंतु काही शब्द असे आहेत, की ते दोन्ही घरांत नांदतात आणि तरीही दोन निराळे संसार करतात. ‘टापू’ हा त्यांपैकी एक. मराठीत टापू म्हणजे मुलूख. माणसांनी, शेतांनी, पाऊलवाटांनी भरलेला सलग प्रदेश. हिंदीत टापू म्हणजे बेट.

या दोन अर्थांमधील अंतर किती, हे मला गंगरेलच्या जलाशयात कळले. रायपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर, धमतरीजवळ महानदीवर हे धरण आहे. १९७२ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७८ मध्ये ते पुरे झाले. चौदा दरवाजे, सुमारे ९१ कोटी घनमीटर पाणी आणि ‘रविशंकर सागर’ हे भारदस्त नाव. या पाण्यावर भाताची शेते पिकतात, भिलाईचा पोलाद कारखाना चालतो. अलीकडे तेथे पर्यटकांसाठी निवासाची सोय झाली असून मोटरबोटीतून बेटाबेटांमधून हिंडण्याचा आनंदही घेता येतो.

दोन वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, पुण्याहून आलेल्या मावसबहिणीला घेऊन आम्ही गेलो होतो. नारिंगी जाकिटे अंगात चढवून बोटीत बसलो. यंत्राची घरघर सुरू झाली, मागे फेसाची पांढरी रेघ उमटत गेली आणि झाडोऱ्याने झाकलेली लहानलहान बेटे एकामागून एक समोर येऊ लागली. ते सौंदर्य खोटे होते असे मी म्हणणार नाही. ताई पाण्यात बोटे सोडून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावरची वर्षे उतरली होती.

नावाडी पन्नाशी ओलांडलेला. गप्पांच्या ओघात ताईने आपल्या मराठी हिंदीत त्याला विचारले, “भाऊ, आप किस टापू के हैं?” तिला अभिप्रेत होता मुलूख, त्याने ऐकले ते बेट. त्याने यंत्राचा वेग कमी केला, डावीकडच्या एका बेटाकडे बोट दाखवले आणि ते बोट हळूहळू खाली, पाण्याकडे आणले. “हमर गाँव,” तो म्हणाला. ते बेट म्हणजे गावामागची टेकडी. लहानपणी तो तेथे गुरे चारीत असे. प्रश्न एका भाषेतला होता, उत्तर दुसरीतले. पण दोन्ही अर्थांनी ते अचूक होते.

पन्नासाहून अधिक गावे या पाण्याखाली गेली. पुनर्वसनासाठी पुढे अनेकांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. आणि या हिशेबात आम्ही रायपूरकर त्रयस्थ नाही. शहराच्या नळांना उन्हाळ्यात गंगरेलचा मोठा आधार असतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या माठातही तेच पाणी असते. बोटीच्या तिकिटाने सहलीचे पैसे फिटतात. माठाचे ऋण कोणत्या खिडकीवर फेडायचे?

संस्कृतातील ‘द्वीप’ या शब्दात ‘दोन’ आहे आणि ‘पाणी’ आहे: ज्याच्या दोन्ही अंगांना पाणी, ते द्वीप. तेथे भर पाण्यावर आहे. आपल्या ‘बेट’ शब्दाला मात्र आणखी एक अर्थ आहे. आपण कळकाचे बेट म्हणतो. त्यात वर कळक वेगवेगळे उभे दिसतात, पण जमिनीखाली त्यांच्या मुळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. सागरातले दूरचे बेट साहित्यात एकाकीपणाचे प्रतीक होऊन बसले आहे. गंगरेलची बेटे मला या दुसऱ्या अर्थाने बेटे वाटतात. पाण्याखाली त्यांची जमीन अजून सलग आहे. बांध, पायवाटा, गावांच्या शिवा तेथेच आहेत, फक्त त्यांवरून कोणी चालत नाही.

चालणारी माणसे काठावर आली, आणि त्यांच्याबरोबर अंगारमोती देवीही. तिचे मूळ ठाणे बुडाले. आज ती धरणाच्या काठी आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी तिची मडई भरते. चहूकडे पांगलेल्या गावांची माणसे आपापल्या देवतांसह तेथे येतात, एकमेकांना जुन्या गावाच्या नावाने ओळखतात, सोयरिकी विचारतात, म्हाताऱ्यांची खुशाली घेतात. नकाशात त्या गावांच्या जागी निळा रंग आहे. त्या एका दिवसापुरता, पाण्याच्या कडेला, तो टापू मराठी अर्थाने पुन्हा वसतो.