तथास्तूची भीती

घरात अभद्र बोलू नये, वास्तू ‘तथास्तु’ म्हणत असते, हे मी आजीकडून शिकले आणि म्युनिकला येताना मसाल्याच्या डब्याबरोबर घेऊन आले. आत्महत्येचं तर नावही काढायचं नाही. काढलं, की ज्याच्या मनात नाही त्याच्याही मनात येतं, याची मला खात्री होती. मी त्याला संस्कार म्हणत असे.

इथल्या मराठी मंडळींच्या गाण्याच्या बैठकींची जुळवाजुळव माझ्याकडे असते. एकदा जेवणं आटोपल्यावर, इथे शिकायला आलेला एक मुलगा भांडी पुसता पुसता म्हणाला, “ताई, सगळं संपवून टाकावंसं वाटतं.” मी म्हटलं, “शुभ बोल नाऱ्या! परीक्षा झाली की बरं वाटेल.” आणि त्याच्या हातात श्रीखंडाची वाटी ठेवली. तो हसला. पुढे तो भारतात परतला. आज तो बरा आहे, पण त्यात माझा वाटा शून्य. त्या रात्री मी धीर त्याला दिला नाही, सुटका स्वतःची करून घेतली.

नंतर तबल्यावर साथ करणाऱ्या मित्राने सुचवलं, की १० सप्टेंबरला, आत्महत्या प्रतिबंध दिनी, एक बैठक याच विषयावर करू. मी उडवून लावलं. “लोक गाणी ऐकायला येतात, रडायला नाही.” हे वाक्य मला तेव्हा चक्क शहाणपणाचं वाटलं होतं.

माझी ही खात्री डळमळली ती नॅशनल थिएटरात. मोझार्टचा ‘जादूची बासरी’ हा ऑपेरा ऑगस्ट एव्हरडिंग यांनी इथे १९७८ साली बसवला. त्याचे प्रयोग पुढे अनेक दशकं होत राहिले आणि आईबाप मुलांना घेऊन येत राहिले. मीही लेकीला घेऊन गेले, मजा बघायला. पापागेनो हा पक्षी धरणारा, बडबड्या, खाण्यापिण्यात रमणारा. पोरं त्याच्यावर खिदळत होती. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तोच जीव द्यायला निघतो, आणि गुपचूप जात नाही. भर रंगमंचावर बोलून दाखवतो. कुणाला माझी दया आली तर थांबतो, म्हणतो. तीनपर्यंत मोजायचं ठरवतो आणि मोजताना रेंगाळतो. लेकीला हे दिसू नये म्हणून मी तिच्या डोळ्यांवर हात धरला. तिने तो बाजूला केला.

त्या रेंगाळण्यात माझ्या पोटात खड्डा पडला. हा माणूस वाट बघत होता. भांडी पुसणारा तो मुलगाही वाटच बघत होता, आणि मी त्याचं तोंड गोड करून बंद केलं होतं.

मग तीन मुलगे येतात, पापागेनोला थांबवतात आणि पहिल्या अंकात मिळालेल्या घंट्यांची आठवण करून देतात. त्या त्याच्याजवळच होत्या. तो वाजवतो आणि वाचतो. परतताना ट्राममध्ये लेकीने प्रश्नांची सरबत्ती लावली. मी उत्तरं दिली, चाचरत, पण खरी. आकाश कोसळलं नाही.

नंतर वाचलं, की व्हिएन्नाचे संशोधक थॉमस नीडरक्रोटेंथालर यांनी २०१० साली याच पात्रावरून ‘पापागेनो परिणाम’ मांडला. संकटातून माणूस कसा सावरला याच्या बातम्यांचा संबंध आत्महत्या कमी होण्याशी दिसला. उलट, मरणाला झळाळी देणारं लिखाण घातक ठरतं. त्या परिणामाला गटेच्या १७७४ च्या कादंबरीतल्या वेर्थरचं नाव आहे. म्हणजे माझी भीती अगदीच निराधार नव्हती, पण मी तिच्या आडून गप्प बसले होते. अमेरिकन रॅपर लॉजिकने २०१७ साली मदतवाहिनीचा क्रमांकच गाण्याचं नाव म्हणून ठेवला. गाण्याचा सर्वाधिक बोलबाला होता त्या ३४ दिवसांत मदतवाहिनीवर अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले आणि २४५ आत्महत्या कमी झाल्या, असं २०२१ च्या अभ्यासात आढळलं.

मित्राची माफी मागून मी ती बैठक ठरवली. दोन अभंगांच्या मध्ये तो स्वतःच्या वाईट काळाबद्दल बोलला, आणि मुख्य म्हणजे त्यातून बाहेर कसा आला याबद्दल. गाण्याने कुणी बरं झालं नाही. पण तासभर एकत्र गायलेली माणसं चहाच्या वेळी एकमेकांची नजर चुकवत नव्हती.

मग मी त्या मुलाला फोन केला आणि विचारलं, “तेव्हा जीव द्यायचं मनात होतं का रे?”

“हो,” तो म्हणाला. “तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

सरळ विचारल्याने हा विचार मनात पेरला जात नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तेव्हा विचारा, शब्द न टाळता विचारा, आणि ऐकून घ्या. स्वतःला बोलायचं असेल तर बव्हेरियात ‘क्रिझेनडीन्स्ट’चा ०८०० ६५५ ३००० हा क्रमांक आहे, भारतात ‘टेली मानस’चा १४४१६. दोन्ही रात्रंदिवस सुरू असतात, आणि पैसे पडत नाहीत.