परनगरीतील स्वस्थता

चौक, मार्गशीर्ष.

धारावी किल्ल्याच्या पडक्या तटाशी चित्रवही उघडून बसलो असता, समोर वसईची खाडी आणि तिच्यापलीकडे 1739 साली चिमाजी अप्पांनी फिरंगी अमलातून सोडवलेली वसई दिसत असूनही, मन आज वासुदेव गायतोंडे यांच्या न्यूयॉर्कमधील वास्तव्याकडेच वारंवार धाव घेत होते.

1964 साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर तिकडे गेलेला हा चाळिशीचा, मितभाषी चित्रकार तत्पूर्वीच आकृतीचा मोह सोडून अमूर्ताकडे वळला होता. तेव्हा अमूर्त चित्रकलेच्या त्या राजधानीने त्यांना नवा धर्म दिला असे म्हणण्यापेक्षा, स्वतःच्या मौनाची खातरजमा करून घेण्याची सवड दिली, असेच मला वाटते.

परक्या शहरात आपल्याला कोणी ओळखत नाही, कोणाला जाबजबाब द्यावा लागत नाही, आणि म्हणूनच निरुद्देश भटकणारी दृष्टी हळूहळू निर्मळ होते. पुढे 2014 साली त्याच नगरीतील गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे भव्य प्रदर्शन भरले, तेव्हा ते हयात नव्हते. परंतु रिकाम्या भासणाऱ्या दिवसांचा वसूल असा विलंबानेच जमा होतो, आणि शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी तेवढी मुदत मोकळ्या मनाने मंजूर करावी.