कडब्याची गंज

मे संपत आला. वळवाची एक सर येऊन गेली आणि मन कडब्याकडे धावलं. आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी माणसाला भाकरी देते आणि जनावरांना वर्षाचा चारा. धान्याला घरात जागा मिळते, चारा मात्र उघड्यावर राहतो. मला हे फार लागतं.

पाणी वरून येतं तसं खालूनही येतं, आणि खालचंच जास्त नासवतं. जमिनीची ओल तळच्या पेंढ्यांत चढते, पाठोपाठ वाळवी. म्हणून उंचवट्यावर दगड मांडायचे, त्यावर लाकडं किंवा तुराट्या, मग पहिला थर. भोवती चर हवाच. पेंढ्यांचे बुडखे बाहेर, शेंडे आत; मधला भाग सतत चढता. मग ताटं बाहेरच्या बाजूला उतरती राहतात आणि पाणी आत शिरण्याऐवजी ओघळून जातं. माथा घराच्या आढ्यासारखा निमुळता करून पाचटाने शाकारायचा.

हल्ली सगळे ताडपत्री ओढून मोकळे होतात. ती माथ्यावर जरूर असावी. पण चारी बाजूंनी आवळली, की आतली वाफ कोंडते आणि कडबा घामेजून काळा पडतो. कुशी उघड्या ठेवा.

ओला कडबा तर रचूच नये. तो आतून तापतो, त्याला बुरशी धरते. बुरशी लागलेला चारा झटकून, उन्हात घालूनही गाभण गाईपुढे टाकू नका. बुरशीचं विष उन्हाने जात नाही.