प्रत लागल्यास

उत्तरेचा उजेड. वीज गावात पोचण्याआधीचे स्टुडिओ बहुधा माडीवर असत, कारण छपराचा उत्तरेकडचा उतार काचेचा करता येई. त्या बाजूनं ऊन सहसा थेट उतरत नाही, उजेड मात्र बराच वेळ एकसारखा राहतो. काचेखाली तारेवर पडदे. काठीनं पडदा सरकवला की गालावरची सावली वाढायची, कमी व्हायची. पावसाळ्यात धंदा मंदावे. पुढे पाचशे वॅटचे बल्ब आले, त्यांच्या धगीनं तोंडाची पावडर ओघळू लागली, आणि काचांवर पत्रा पडला.

काळं फडकं. त्याखाली शिरलं की कॅमेऱ्याच्या मागच्या घाशीव काचेवर गिऱ्हाईक उलटं दिसे. पाय आढ्याला, टोपी जमिनीला. मुरलेल्या फोटोग्राफरला त्याची अडचण होत नसे. उलट्या तोंडात ओळखीचा माणूस दिसत नाही, नुसता उजेड-सावलीचा हिशोब दिसतो. फोकस जमला की मागे प्लेटची चौकट सरकवायची. तिथून पुढे कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. म्हणून तो फडक्याबाहेर येई, कॅमेऱ्याशेजारी उभा राही, लेन्सचं टोपण हातात घेऊन समोरच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघे. ‘हलू नका.’ टोपण काढायचं, एक, दोन, तीन, टोपण परत. फोटो निघतो त्या क्षणी दोन माणसं एकमेकांकडे बघताहेत आणि मध्ये काही नाही, ही सोय त्या कॅमेऱ्याबरोबर गेली. ट्विन लेन्स आला तेव्हा फोटोग्राफरची मान खाली गेली, थर्टीफाइव्हमध्ये डोळा काचेला चिकटला, आता तो हातभर लांबच्या स्क्रीनकडे बघतो.

हनुवटीखालचं बोट. ‘खाली… जरा डावीकडे… बास.’ पोरांना आणि पुरुषांना सरळ धरून फिरवत. बायकांसाठी बोट हवेतच फिरे आणि मान त्याच्या मागून वळे.

फोटो काढला की आयुष्य घटतं, ही समजूत. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी गोध्र्यात आणि बडोद्यात फोटोग्राफी करत होते. बडोद्यातला त्यांचा धंदा अशाच समजुतीपायी बसला असं सांगतात. ही गेली ते बरं झालं.

रंगवलेला पडदा. खांब, कठडा, दोन पायऱ्या, मागे तलाव, तलावात हंस. पायऱ्या चढून कुठे जायचं ते रंगवणाऱ्यानं ठरवलेलं नसे. दुष्काळी तालुक्यात तलावाला मागणी जास्त होती असं लिहायचा मोह होतो, पण तलाव सगळीकडेच होता.

कोट. एकच, काळा, साऱ्या गावाच्या मापाचा. जाड माणसाला बटण लागत नसे, त्याला हाताची घडी घालायला लावत. बारक्याच्या पाठीमागे कपडे वाळत घालायचे चिमटे. फोटो कमरेपर्यंतच, खाली लेंगा किंवा धोतर. टायची गाठ आधीच मारलेली, मागे इलॅस्टिक. शेजारी तिपाईवर टेलिफोन, त्याची वायर कुठेच गेलेली नाही. भिंतीवर आरसा, दोरीनं बांधलेला कंगवा.

पालथं घातलेलं उघडं बाळ. खुळखुळा वाजवणारा मामा चौकटीबाहेर.

टचिंग. धंद्यातलं खरं कसब इथं होतं आणि गिऱ्हाइकाला ते दिसता कामा नये हीच त्याची अट. उतरतं डेस्क, मध्ये काच, खाली आरसा. आरशावरून उजेड वर येऊन निगेटिव्हमधून डोळ्यांत. आधी निगेटिव्हवर राळेचं पातळ द्रावण चोळायचं, नाहीतर शिसं धरत नाही. पेन्सिल काचपेपरवर घासून टोचेल इतकी टोकदार. निगेटिव्हमध्ये सुरकुती, खड्डा, डोळ्याखालचं काळं हे सगळं फिकट दिसतं. तो फिकटपणा बारीक बारीक फटकाऱ्यांनी भरला की कागदावर ती जागा उजळ उठते. एक फटकारा जास्त झाला की गालावर पांढरा ठिपका.

या कारागिराचं मोठं काम देवीचे व्रण. वधूवरांच्या फोटोत ते एकेक करून बुजवायचे, तासन् तास मान मोडून. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही, आणि त्यापुढच्या पिढीच्या तोंडावर त्याला तेवढं काम उरलं नाही. उरल्या मुरुमांच्या पुटकुळ्या. त्या आता मोबाइल न विचारताच बुजवतो, पण त्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. चांगला टचिंगवाला नाकाशेजारची घडी ठेवून देई. ती गेली की माणूस ओळखू येत नाही.

स्थळासाठीचा फोटो. पोस्टकार्ड साइज, उभी, एक हात खुर्चीच्या पाठीवर, वेणी पुढे. ‘जरा उजळ येऊ द्या’ हे मुलीचे वडील दाराशी जाता जाता, हळूच सांगत. कागदाला उजेड थोडा कमी दिला की भागे. प्रत्यक्ष पाहण्याच्या कार्यक्रमात फरक पडला तर बोल फोटोग्राफरला. नकाराबरोबर फोटो परत येई आणि पुढच्या स्थळाला जाई, कोपरे दुमडेपर्यंत.

रंगीत करून हवा असेल तर पाकिटावर लिहून ठेवायचं: साडी मोरपंखी, काठ लाल, कुडी मोत्याची. काळ्या-पांढऱ्या फोटोवर कापसाच्या बोळ्यानं आणि बारीक ब्रशनं रंग चढे. ओठ मात्र सगळ्यांचे एकाच गुलाबी बाटलीतले.

एन्लार्जमेंट. घरातला माणूस गेला की दहाव्याच्या आत लोक येत. फोटो एकच असे, कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप, आणि त्यात मागच्या रांगेत तांदळाच्या दाण्याएवढं डोकं. त्या फोटोचा फोटो घ्यायचा, डोकं वाढवायचं, वाढवल्यावर जे धुरकट उरेल त्यावर ब्रशनं माणूस उभा करायचा. टोपी घाला, मुंडासं नको. कोट द्या, आयुष्यात घातला नव्हता, पण द्या. मग घरचे बघायला येत: नाक जरा बसकं होतं, नाही हो, बरोबर आहे. ज्याचा फोटोच कधी निघाला नव्हता, त्याच्यासाठी फोटोग्राफरला घरी बोलावणं येई. भिंतीला टेकवून बसवलेलं प्रेत, मिटलेले डोळे. उघडे डोळे नंतर स्टुडिओत काढायचे. गावोगावच्या भिंतींवर चंदनाच्या हारामागे असे डोळे अजून आहेत, आणि ते किंचित चुकीच्या दिशेला बघतात.

लाल दिवा. डेव्हलपरनं काळी पडलेली नखं. हायपोचा वास. क्रोमच्या प्लेटवर चिकटवलेला ओला फोटो वाळून सुटताना होणारी टिकटिक. नागमोडी कातरलेली कड, कोपऱ्यात स्टुडिओच्या नावाचा उठावाचा शिक्का, वर बटर पेपर. अल्बमची काळी पानं आणि त्यावर चिकटवायचे तिकोनी कोपरे. इंदू, म्हणजे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा माल. या सगळ्यांना एकेक ओळ पुष्कळ झाली. त्यांच्यावाचून कुणाचं अडलेलं नाही.

पासपोर्ट साइज. स्टुडिओचं शेवटचं रोजचं उत्पन्न. शाळेचा फॉर्म, नोकरीचा अर्ज, बँकेचं खातं, सगळीकडे फोटो डकवायचा. मग आधार केंद्रात खुर्चीवर बसवून तिथंच फोटो घेऊ लागले, पासपोर्टच्या केंद्रातही तसंच. सरकार स्वतःच फोटोग्राफर झालं, टचिंग न करणारं. आधारवरचा आपला फोटो बघून लोक जे बोलतात, ते कुठल्याही स्टुडिओवाल्यानं ऐकून घेतलं नसतं.

पाठीमागचा नंबर. फोटोमागे निळ्या शाईचा शिक्का, त्यात हातानं लिहिलेला आकडा: प्रत लागल्यास हा नंबर द्यावा. निगेटिव्ह गिऱ्हाइकाला द्यायची पद्धत नव्हती. पैसे मोजून माणूस प्रत घरी नेई, मूळ स्टुडिओत राही. यात परोपकार काही नव्हता. दुसऱ्या प्रतीचे पैसे सुटू नयेत एवढाच हेतू. पण त्यामुळे गावातल्या बहुतेकांची तोंडं एका माणसाच्या कपाटात, नंबरवार लागलेली असत. पूर आला, घर जळलं, भाऊ वेगळे झाले आणि फोटो एकाकडेच गेला, तरी नंबर घेऊन जिना चढलं की बाप पुन्हा मिळे, कॅबिनेट साइजमध्ये, चार दिवसांनी.

कपाटाचं काय झालं ते सरळ आहे. काचेच्या प्लेटा गरम पाण्यात भिजवून घासल्या की वरचा थर निघून येतो आणि स्वच्छ काच मिळते, तसबिरींना लागते. फिल्मवर चांदी असते. वापरलेला हायपो कॅनमध्ये भरून नेणारे फिरते चांदीवाले पूर्वीपासून येत असत. तेच जुन्या निगेटिव्ह किलोवर नेऊ लागले. मालक म्हातारा, मुलगा झेरॉक्स आणि लॅमिनेशनमध्ये, जागा अडलेली. काही निगेटिव्हना आपोआपच आंबूस वास सुटला होता, त्या आक्रसून वाकड्या झाल्या होत्या. दोष कुणाला द्यायचा? आता मूळ, प्रत, सगळं गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जातं, स्टुडिओत कार्ड पुसून दुसऱ्या दिवशीच्या बारशाला तयार.

वह्या मात्र पुष्कळ ठिकाणी अजून आहेत, कारण वहीत चांदी नसते. नंबर, नाव, साइज, प्रती, आगाऊ, बाकी. बाकीच्या रकान्यात बऱ्याच नावांपुढे अजून आकडे उभे आहेत.