एक राहून गेलेली नोंद

स्मरणिकेसाठी वसतिगृहातील एखादी आठवण लिहून पाठवावी, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा पहाटेची वंदना, पत्र्याच्या पेट्या, रविवारची कपडे धुण्याची रांग असे बरेच काही डोळ्यांपुढे आले. लिहायला बसलो तेव्हा मात्र मन पुन्हा पुन्हा श्रीवर्धनच्या आमच्या घरच्या पडवीत जात राहिले. तेथे २०२४ साली बाबांची मोटारसायकल इंजिन जाम होऊन तीन आठवड्यांहून अधिक काळ उभी होती. ती दुरुस्त करावी की विकावी, एवढाच प्रश्न होता. तो सोडवताना मला आपल्या शाळेने शिकवलेली एक गोष्ट फार उशिरा आठवली.

बाबा आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाड्यांत राबले. पोफळीवर चढायचे, सुपारी उतरवायची, वाडी शिंपायची. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नाव दूरवर आहे. पण ती उतरवणाऱ्या हातांना वाहन घेणे सोपे नव्हते. २००४ साली पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी हिरो होंडा स्प्लेंडर घेतली. त्याच जूनमध्ये मी पाचवीला आपल्या शाळेत दाखल झालो. पेटी मागे दोरीने बांधलेली, मी मध्ये आणि पुढे बाबा, असा तो घाटातला प्रवास मला अजून स्पष्ट आठवतो. पुढे सहा वर्षे, दर सुटीला, त्याच गाडीवरून माझे जाणे-येणे झाले.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळले. ज्या पोफळींवर बाबा चढत असत, त्यांतल्या कितीतरी एका दुपारीत आडव्या झाल्या. गाडीवर पडवीचे छप्पर कोसळले, तरी ती वाचली. पुढे कित्येक आठवडे वीज नव्हती, दूरध्वनी नव्हता. त्या दिवसांत ताडपत्री, मेणबत्त्या, तांदूळ, सगळे त्याच गाडीवरून घरी आले. पोफळ लावल्यापासून फळ धरेपर्यंत पाच-सात वर्षे जातात. बाबा आता झाडावर चढत नाहीत. वादळानंतर नव्याने लावलेली रोपे शिंपण्याचे काम दोन-तीन वाड्यांत करतात. गुडघा दुखरा असल्याने गाडीवाचून त्यांचा दिवस सुरू होत नाही.

ही गाडी माझ्या हातून बंद पडली.

२० मार्च २०२४ रोजी मी पनवेलहून घरी आलेलो होतो. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा तो दिवस. १९२७ साली बाबासाहेबांनी ज्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेथे त्या दिवशी माणसांची रीघ लागते. मीही बाबांची गाडी काढून महाडला निघालो. निघताना आई म्हणाली, "तेल बघून घे रे, हल्ली धूर सोडते." मी हो म्हणालो आणि किक मारली.

जुन्या चारस्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या रिंगा झिजल्या की तेल थोडे थोडे वर चढून पेट्रोलबरोबर जळत राहते. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तो याचाच. मुळात त्या इंजिनात तेल जेमतेम लिटरभर. ते कमी झाल्याचे सांगणारा दिवा आमच्या गाडीला नाही. डिपस्टिक काढून, पुसून, पुन्हा घालून पाहावे लागते. सारे मिळून एका मिनिटाचे काम. मी ते केले नाही. म्हसळा मागे पडल्यावर साईच्या चढणीला इंजिनातून टकटक असा आवाज येऊ लागला. थांबायला हवे होते. पण मी गिअर उतरवून तसाच पुढे रेटत राहिलो. एका वळणावर मागचे चाक घासत गाडी थांबली. किक खाली जाईना. कोरड्या सिलिंडरमध्ये तापून फुगलेला पिस्टन धरला गेला होता. त्या दिवशी मी महाडला पोहोचलो नाही. टेम्पोत गाडी घालून रात्री घरी आणली.

बाबा कंदिलाएवढ्या उजेडाचा टॉर्च घेऊन बाहेर आले. इंजिनाला हात लावून त्यांनी एवढेच विचारले, "तेल पाहिलं होतंस ना?"

"पाहिलं होतं," मी म्हणालो.

तीस वर्षांचा, शिकलेला, नोकरी करणारा मी. मारणारे कोणी नव्हते, रागावणारे कोणी नव्हते. तरीही ते दोन शब्द तोंडातून निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी गाडी विकण्याच्या बाजूने बोलू लागलो. माझा हिशेब वरवर बिनतोड होता. गाडी वीस वर्षांची. पंधरा वर्षांनंतर २०१९ मध्ये नोंदणीचे नूतनीकरण केले होते, ते पाच वर्षांचे. त्याची मुदत मे महिन्यात संपणार. म्हणजे पुन्हा पेणच्या परिवहन कार्यालयाची फेरी, तपासणी, पर्यावरण कर. इंजिनाचे पूर्ण काम करायचे तर ब्लॉक-पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, टायमिंग चेन आणि मजुरी धरून अंदाजे साडेअकरा हजार. जुन्या गाड्या घेणारा आहे त्या स्थितीत सहा हजार द्यायला तयार. दुरुस्त करून विकली, तरी सोळा-सतराच्या वर कोणी देणार नाही. म्हणजे दुरुस्तीचा पैसा जेमतेम निघणार. नवी गाडी नव्वद हजारांच्या घरात, पण हप्ते मी भरीन, असे मी फोनवरून पुन्हा पुन्हा सांगत होतो. बाबा गप्प बसत.

एस.टी. स्थानकाजवळ ज्यांचे गॅरेज आहे, त्या चाचांचे मत वेगळे होते. बाबांच्या बोलावण्यावरून ते येऊन गाडी पाहून गेले आणि मला फोनवर म्हणाले, "अरे, इंजिनाला काय बघतोस? इंजिन नवं करता येतं. आपल्या खाऱ्या वाऱ्यात गाडी मरते ती चासीनं. चासी सडली असती तर मीच सांगितलं असतं, भंगारात दे. तुझ्या बापानं दर पावसाळ्याआधी खालून तेलाचा हात मारलाय. चासी सरळ आहे, कागद धड आहेत. मी इंजिन उघडतो, मग बोलू."

इंजिन उघडतो, हे शब्द ऐकले आणि माझ्या पोटात कालवले. इंजिन उघडले की ते कोरडे होते हे चाचांना दिसणार, आणि चाचांना दिसले की बाबांना कळणार. माझा सगळा बिनतोड हिशेब कशासाठी होता, हे मला त्या क्षणी समजले. गाडी न उघडता विकली गेली, तर माझे खोटे तिच्याबरोबर घराबाहेर जाणार होते. त्यासाठी मी सहा हजारांना बाबांची गाडी काढायला निघालो होतो. घेणाऱ्यानेही मला सांगून ठेवले होते, "पुढच्याला कारण विचारलं तर माहीत नाही म्हणा." म्हणजे एक खोटे झाकायला दुसरे तयारच होते.

आपल्या वसतिगृहात जे राहिले, त्यांना भोजनगृहाच्या दाराशी खिळ्याला टांगलेली मोडतोड वही आठवत असेल. बादलीचा कान तुटो की खिडकीची काच फुटो, ज्याच्या हातून घडले त्याने त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी, स्वतःच्या हाताने नोंद करायची: तारीख, वस्तू, कसे घडले, नाव. शिक्षा नसे. अट एकच होती. वस्तू दुरुस्त होईपर्यंत दुरुस्त करणाऱ्याजवळ उभे राहायचे. आठवीत असताना उन्हाळ्यात विहिरीवरचा पंप सुरू करून मी क्रिकेट खेळायला गेलो आणि पाणी आटल्यावर पंप कोरडा फिरून जळाला. रात्री वहीत लिहिताना हात थरथरत होता. दुसऱ्या दिवशी मी कारागिराशेजारी तीन तास उभा होतो. कोरडे फिरलेले यंत्र आतून कसे दिसते, हे मी त्या दिवशी पाहिले होते. पाहूनही विसरलो.

त्याच सुमारास रविवारच्या प्रवचनात भंतेजींनी राहुलाची गोष्ट सांगितली होती. भगवान बुद्धांनी भांड्यात उरलेले थोडेसे पाणी आपल्या मुलाला दाखवले आणि जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज नसलेल्या माणसाचे श्रमणत्व एवढेच उरते, असे समजावले. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात ज्या सात उपदेशांचे वारंवार श्रवण करायला सांगितले, त्यांत असत्याविषयीचा हा राहुलाला केलेला उपदेश आहे. बालपणी मला ती गोष्ट एका लहान मुलाला दिलेली समज वाटली होती. बापासमोर उभ्या असलेल्या मुलाची ती गोष्ट आहे, हे मला तिसाव्या वर्षी पडवीत कळले.

१४ एप्रिलला जयंतीसाठी घरी आलो. गाडी घेणारा दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. मिरवणुकीहून परतल्यावर बाबा पडवीत पाय लांब करून बसले होते. मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशी मी तेल पाहिलं नव्हतं. आवाज येत होता, तरी थांबलो नाही."

बाबा थोडा वेळ गाडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मग हे चाचाला आधी सांग. त्याला वाटतंय व्हॉल्व्ह गेला असेल. उगाच हेडपासून शोधत बसेल."

एवढेच. त्यात क्षमेचे शब्द नव्हते की बोलणी नव्हती. पण त्या एका वाक्याने मला जे शिकवले ते मी विसरणार नाही. दुरुस्त करायचे की विकायचे, हा हिशेब करण्याआधी काय मोडले आणि कसे मोडले हे खरे सांगावे लागते. दोष लपवला, तर कारागीर भलतीकडे शोधत राहतो, घेणारा फसतो आणि आपला स्वतःचा हिशेब चुकतो. विकणे वाईट नव्हते. चासी सडलेली असती, तर मीही आज हट्ट धरला नसता. पण रोज जिच्यावर एका माणसाचे काम उभे आहे, अशी गाडी केवळ माझी लाज झाकण्यासाठी जाणार होती.

दुसऱ्या दिवशी घेणाऱ्याला नकार कळवला आणि रजा वाढवून मी गॅरेजमध्ये उभा राहिलो. चाचांनी ब्लॉक काढला. पिस्टनवर उभे ओरखडे पडले होते. "बघ," म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. काम पाच दिवस चालले. खर्च बारा हजारांवर गेला, तो मी भरला. इंजिन तेच राहिल्याने नोंदणीवरील इंजिन क्रमांक बदलण्याचा प्रश्न आला नाही आणि मे महिन्यात नूतनीकरणही पार पडले. बाबा आज त्याच गाडीवरून वाडी शिंपायला जातात. मी घरी गेलो की आधी डिपस्टिक काढतो, पुसतो, पुन्हा घालून पाहतो.

वसतिगृहातील ती वही आज कोठे असेल, मला ठाऊक नाही. म्हणून राहून गेलेली नोंद या स्मरणिकेत करतो.

दिनांक: २० मार्च २०२४. वस्तू: बाबांची मोटारसायकल. कसे घडले: तेल न पाहता गाडी नेली, आवाज आल्यावर थांबलो नाही, नंतर खोटे बोललो. दुरुस्ती: झाली, शेजारी उभा होतो. नाव: आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी, श्रीवर्धन.