शंभर चिंचोक्यांचा संघ

तुमच्या हातात शंभर चिंचोके दिले आणि म्हटलं, "यात अकरा हॉकीपटूंचा संघ विकत घ्या," तर आधी कोणाला घ्याल? थांबा, घाई करू नका. आमच्या वर्गाने घाई केली आणि तो फसला!

मी संगमनेरला चौथीच्या वर्गाला शिकवते. 2025 च्या जानेवारीत टीव्हीवर हॉकी इंडिया लीगचे सामने चालू होते. तिच्या लिलावाचं गणितच मी फळ्यावर मांडलं. पुरुषांच्या प्रत्येक संघाला 24 खेळाडू घ्यायचे होते आणि खर्चाची मर्यादा होती 4 कोटी रुपये. म्हणजे माणशी सरासरी साडेसोळा लाखांहून थोडे जास्त. पण भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग याला सूरमा संघाने घेतलं तब्बल 78 लाखांना! 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्वांत जास्त, म्हणजे 10 गोल त्यानेच केले होते. आता करा वजाबाकी. उरले 3 कोटी 22 लाख आणि घ्यायचे 23 जण. भागाकार केलात? बरोबर 14 लाख! एक मोठा खेळाडू घेतला, की बाकीच्यांच्या वाट्याचं असं कमी होतं.

मग आम्ही खेळच मांडला. त्या रात्री खेळणाऱ्या दोन्ही संघांतल्या खेळाडूंच्या चिठ्ठ्या केल्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर मी किंमत लिहिली. स्वस्तातला 2 चिंचोके, महागातला 20. रात्री सामना बघायचा आणि सकाळी गुण मोजायचे. गोलला 5, गोलसाठी पास दिला तर 3, गोलरक्षकाने चेंडू अडवला तर 1.

पहिल्या गटाने धडाधड 20 चे चार खेळाडू उचलले. ऐंशी संपले! तीन-तीनचे सहा घेतले, उरले दोन. आणि गोलरक्षक? त्याची चिठ्ठी आठांच्या खाली नव्हतीच. दुसऱ्या गटातल्या मुली मात्र हुशार. त्यांनी आधी गोलरक्षक घेतला, मग एकच वीसवाला. बाकी स्वस्तातले शोधले, पण कसे? पेपर वाचून. रोज मैदानात कोण उतरतो, पेनल्टी कॉर्नर कोण मारतो, हे त्यांनी पाहिलं. बाकावर बसणारा दोन चिंचोक्यांनाही महागच की! सकाळी त्याच जिंकल्या.

मी खुशीत होते. पण दुपारच्या सुट्टीत लंगडीसाठी गडी वाटताना एकाचा आवाज कानावर आला, "तो नको रे, तो दोन चिंचोक्यांचा!"

सगळे हसले. ज्याला म्हटलं तो मागच्या बाकावरचा मुलगा. तो पायरीवर बसून चपलेचा अंगठा नीट करत राहिला. खरं सांगू? ओरडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, माणसांवर किमती लिहायला यांना मीच शिकवलं.

तासाला मी मुलांसमोर चूक कबूल केली. म्हटलं, चिठ्ठीवरची किंमत म्हणजे कोणीतरी एका दिवशी केलेला अंदाज. माणूस तेवढाच नसतो. तेव्हा तो मुलगा हळूच म्हणाला, "बाई, किमती कोणी लिहिल्या होत्या?"

"मी."

"मग काल दोनवाल्याने गोल केला, तेव्हा तुमचं चुकलंच होतं ना?"

अगदी बरोबर! या खेळाची सगळी युक्ती त्या एका प्रश्नात आहे. लिहिलेली किंमत आणि खरा खेळ यांत जिथे अंतर असतं, तिथेच जिंकायची जागा असते. नाव बघून निवडणारा फसतो, खेळ बघून निवडणारा तरतो.

पालकहो, एक विनंती. हा खेळ घरी जरूर खेळा, पण चिंचोक्यांनीच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने 2025 साली कायदा करून बंदी घातली आहे. चिंचोके हरले, तर चिंचेखाली आणखी मिळतात.

आणि मुलांनो, उद्या गडी वाटाल तेव्हा शेवटी उरलेल्याकडे जरा नीट बघा. तो पळतो कसा, हे तुम्ही खरंच कधी पाहिलंय का?